तिसरं टिंब राहिलं, सर

घरातलं एखादं यंत्र बंद पडल्यावर ते तुम्ही स्वतःच्या हातानं शेवटचं कधी उघडून पाहिलं होतं?

हा प्रश्न वाचणाऱ्याला आहे, सर. तुम्हाला काही विचारायची माझी छाती उरलेली नाही.

काल तुमची तेरवी झाली. तेरवीचं कार्ड बाबांनी अकोल्याला आमच्या ट्रेडलवर छापलं. पायानं हाकायचं ते जुनं छपाईयंत्र, ज्याला एकदा तुमचा हात लागला होता. कार्डाची डावी बाजू काळीभोर उठली, उजवी फिकी. तुमच्या आडनावाचं शेवटचं अक्षर वाचायला कार्ड उजेडात धरावं लागत होतं. मांडवात कितीतरी जणांच्या खिशातून ते डोकावत होतं, पण कुणी काही बोललं नाही. तुम्ही असतात तर बोलला असतात. स्वतःच्या तेरवीचं कार्ड हातात घेऊन आधी छपाई पाहिली असतीत आणि म्हणाला असतात, "इंगोलेतला 'ले' उपाशी राहून गेला पोरी."

मला हसू आलं, आणि मग मी मांडवाच्या मागे निघून गेले.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगते, की अमरावतीच्या आमच्या तंत्रनिकेतनात तुम्ही कार्यशाळेत फिटिंग शिकवायचात. बाकी तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं त्या कार्डावर आहे. फिकं, पण आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आमचं घर म्हणजे छापखाना. पत्रकांच्या गठ्ठ्यांना धरून मी चालायला शिकले. इतर पोरी बाराखडी गिरवतात त्या वयात मी 'धिक्कार असो' वाचत होते. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोर्चांची पत्रकं छापली, आणि मोर्चा आपलाच असल्यासारखी छापली. त्यामुळे तुम्ही पहिल्या दिवशी हातात लोखंडाचा तुकडा आणि फाईल, म्हणजे कानस, देऊन म्हणालात, "याची एक बाजू सपाट कर," तेव्हा मी विचारलं, "कशासाठी?"

"सपाट व्हायसाठी."

तीन दिवस घासलं. हाताला फोड आले. तुकड्याला गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार, लावून तुम्ही तो खिडकीसमोर धरलात आणि मला वाकून बघायला लावलंत. लोखंड आणि गुण्या यांच्या मधून उजेडाची एक रेघ दिसत होती.

"काय दिसून रायलं?"

"उजेड, सर."

"मंग झालं नाई अजून. आपल्या धंद्यात उजेड दिसला का काम कच्चं."

हे वाक्य मी वर्गात सांगून तुमची टिंगल केली, सर. जगात सगळे उजेडाकडे चला म्हणतात आणि आमचे इंगोले सर उजेड बुजवायला सांगतात. पोट्टे पोट धरून हसले. तुमच्यापर्यंत ते पोचलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तुम्हीही हसला होतात म्हणे.

मग शनिवार आले.

शनिवारी कॉलेजचं मागचं फाटक उघडायचं आणि जिल्ह्यातून लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन यायचे. शिलाई मशीन, पाण्याच्या मोटरी, फवारणीचे पंप, एकदा तर भजनी मंडळाची पेटी. आम्ही त्या दुरुस्त करायच्या. पण तुमच्या शनिवारची रीत निराळी होती. बिघाड सापडला की वस्तूच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पंचानं, म्हणजे हातोडीनं ठोकायच्या टोकदार खिळ्यानं, एक टिंब मारायचं. दुरुस्ती झाली की दुसरं. आणि मग खरी गंमत सुरू व्हायची. तुम्ही ती चालू झालेली वस्तू पुन्हा खोलायला सांगायचात आणि मालकाच्या हातात पाना द्यायचात. मालकानं ती स्वतः जोडून चालू केली, की तिसरं टिंब त्यानं मारायचं. त्याशिवाय वस्तू फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही.

लोक वैतागायचे. मोर्शीकडच्या एक बाई आठवतात तुम्हाला? संत्र्याची बाग, बागेच्या कडेनं भाजीपाला, आणि जिभेला धार. पितळी पंप घेऊन आल्या होत्या.

"मास्तर, मले नोका शिकवू. मले घाई आहे. झाडावर रोग पडून रायला."

"रोग काय माय, पुढच्या सालीबी येईन. मी येईन काय?"

"काहून नाई येणार? तुमाले काय धाड भरली?"

अख्खी कार्यशाळा हसली. बाई बसल्या पाना घेऊन. वॉशर उलटा बसवला, दांडा दाबला, आणि सगळं पाणी तुमच्या सदऱ्यावर.

"घ्या! झाली मास्तरची फवारणी. आता कीड लागत नाई," बाई म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला वॉशर बरोबर बसला. तिसरं टिंब त्यांनी एवढ्या जोरात मारलं की पितळेला खळगा पडला. जाताना पंप कडेवर घेऊन गेल्या, लेकरू घ्यावं तसा.

मला वाटायचं, हे सगळं वेळ घालवणं आहे. आम्ही शिकायला आलोय की गावाला शिकवायला?

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा हेच मी तुम्हाला विचारलं. ऑफिसातून मला पाहुण्यांच्या फोटोंची फाईल मिळाली होती. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि मला कोपऱ्यातल्या ऐरणीजवळ नेलंत. "इतिहास लिहायचा तर इथून लिही."

मग सांगितलंत. पूर्वी जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एखादा भाग तुटला की मिस्त्री लांबून यायची वाट पाहावी लागे, आणि तोवर कापसाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या. बैल वैरण खात आणि माणसं एकमेकांची डोकी. शेवटी काही जाणत्या लोकांनी ठरवलं की आपल्या पोरांना हे यायला पाहिजे. नांदगाव खंडेश्वरच्या एका शेतकऱ्यानं गाडीवर घालून ही ऐरण आणून दिली. पहिला वर्ग लिंबाखाली, ऐरणीभोवती भरला. कारागृहासारखी ही लांब इमारत नंतरची. पहिली लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चांदूर रेल्वे गावातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधली, ती आणताना वाटेत गाडीचा आस मोडला, तर विद्यार्थ्यांनी तो तिथंच दुरुस्त केला.

"हे कालेज कोनी नोकरीसाठी नाई काढलं," तुम्ही म्हणालात. "गाडी अडली म्हणून काढलं. ज्याची गाडी अडली त्याच्या हाताले कळलं पायजे, एवढाच याचा मतलब."

मी ते लिहिलं. स्मरणिकेत ते छापलं गेलं नाही. पाहुण्यांच्या फोटोंना जागा कमी पडली होती.

त्याच वर्षी आमचं ट्रेडल मोडलं. तुम्ही आम्हा चौघांना घेऊन अकोल्याला आलात, आमच्या छापखान्यात जमिनीवर मांडी घालून बसलात आणि दिवसभरात ते उभं केलंत. छापायच्या पाटीमागचे चार स्क्रू आवळत, सैल करत तुम्ही दाब असा बसवलात की कागदाच्या चारी कोपऱ्यांना शाई सारखी लागली. दोन टिंबं झाली. मग तुम्ही ते चारी स्क्रू पुन्हा सैल केलेत आणि बाबांकडे पाना धरलात.

"घ्या भाऊ. आता तुमी."

बाबा हात जोडून म्हणाले, "सर, उद्या मोर्चा आहे. दोन हजार पत्रकं काढायची आहेत. तुम्हीच बसवून द्या, शिकतो मी नंतर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या बापाची बाजू घेऊन मी म्हणाले, "सर, एवढ्या वेळेला राहू द्या ना."

तुम्ही स्क्रू बसवून दिलेत. पंच पिशवीत ठेवलात. बसमध्ये आम्हाला एवढंच म्हणालात, "दोनच झाले." मला वाटलं, म्हातारा माणूस, रीत मोडली म्हणून हिरमुसला.

आणि मग मी ते पत्रक लिहिलं.

आज मला त्यातल्या ओळी वाचवत नाहीत, पण लपवणार नाही. 'फाईल घासायला आम्ही जन्मलो नाही.' मोठ्या ठशात, वर. खाली मागणी होती, की तंत्रनिकेतनाचं पदवी महाविद्यालय करा. पुण्याच्या पोरांनी आराखडे काढायचे आणि वऱ्हाडच्या पोरांनी लोखंड घासायचं, हे कुणी ठरवलं? कार्यशाळेतले तास कमी करा, संगणक द्या, डिग्री द्या. ते आमच्या ट्रेडलवर छापलं. दोन टिंबांच्या ट्रेडलवर, सर. एव्हाना त्याचा दाब हलायला लागला होता. बाबा पाटीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून वेळ मारून नेत होते.

तुमच्या टेबलावर मी ते स्वतः ठेवलं. मला भांडण हवं होतं. तुम्ही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत, मग कागद तिरका धरलात.

"उजवीकडून शाई कमी लागून रायली. तुया बाबाले सांगजो, चिठ्ठ्या नोका लावू म्हना. मागचा स्क्रू पाहा."

"सर, मजकुराबद्दल बोला."

"मजकूर चांगला आहे. खोटा नाई."

"मग पाठिंबा द्या."

"तुमाले साहेब व्हायचं आहे तर व्हा ना बाप्पा. काहून नाई व्हायचं? मीच पहिला पेढा खाईन. पण साहेबाची मोटर अडली तर?"

"तर आम्हीच का? दुसऱ्या कुणी दुरुस्त करावी ना! प्रत्येक वेळी आमच्याच हाताला घट्टे का?"

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, "बरोबर आहे तुयं. पन..." आणि तेवढ्यात कुणीतरी मशीन घेऊन दारात आलं, आणि तुम्ही उठलात.

त्या 'पन'च्या पुढे काय होतं, सर? मी वर्षानुवर्षं ते वाक्य पुरं करून बघते आहे. प्रत्येक वेळी माझं उत्तर तुमच्यापेक्षा हुशार निघतं आणि प्रत्येक वेळी ते कच्चं असतं. मधून उजेड दिसतो.

आम्ही जिंकलो. सगळ्यात वाईट गोष्ट ती झाली. एका पत्रकानं कॉलेजं बदलत नाहीत हे मला कळतं. वर आधीच ठरलं असणार. पण कार्यशाळा बंद करायची नोटीस लागली तिची सुरुवात होती, 'विद्यार्थ्यांच्या मागणीनुसार'. लेथ हॉलच्या अर्ध्या भागात वातानुकूलित सभागृह झालं. डिग्रीच्या पोरांना लेथ पडद्यावर फिरताना दिसते आणि ते तिचं सुंदर चित्र काढून दाखवतात. मी स्वतः पुढे पुण्याला जाऊन डिग्री घेतली, नोकरी केली, दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रांचे तक्ते रंगवले, आणि गेल्या साली परत अकोल्याला आले. माझी मागणी चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या पोरांना डिग्री मिळायलाच हवी होती. पण ती मागताना बदल्यात मी जे देऊन टाकलं, ते माझं नव्हतं. ते मोर्शीच्या त्या बाईंचं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शनिवारचं फाटक बंद झालं तरी तुम्ही येत राहिलात. निवृत्त झाल्यावरही. फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत स्टूल टाकून, पायाशी हत्यारांची पेटी. सुरुवातीला लोक यायचे. मग कमी झाले, कारण नवीन वस्तू उघडतच नाहीत, त्यांना स्क्रूच नसतात. मी सुट्टीवर आले असताना एकदा तुम्हाला रस्त्यापलीकडून पाहिलं. तुम्ही एकटे बसला होतात आणि पेटीतला पंच फडक्यानं पुसत होतात. मी रस्ता ओलांडला नाही, सर. रिक्षात बसले.

हे तुम्ही जिवंत असताना मी कबूल करायला हवं होतं.

जायच्या दहा दिवस आधी तुमचा फोन आला. "पोरी, तुमच्या ट्रेडलचं तिसरं टिंब राहून गेलं. येत्या शनिवारी मी अकोल्याले येतो. तुया बाबाले मोकळं ठेव."

मी म्हणाले, "या शनिवारी माझं भाषण आहे सर. पुढच्या शनिवारी या ना."

"कायचं भाषण?"

"ग्रामीण भागातल्या तंत्रशिक्षणाची दुरवस्था."

तुम्ही फोनवर इतके हसलात की खोकला लागला. "मंग तर महत्त्वाचं आहे," म्हणालात. "दे भाषण. मी काय, कवाबी येतो."

पुढचा शनिवार यायच्या आत तुम्ही गेलात. मी स्मशानभूमीत पोचले तेव्हा चिता पेटली होती. सगळं झाल्यावर हात धुवायला हापशावर गेले. दांडा एका हातानं दाबता दाबता, सवयीनं दुसरा हात दांड्याच्या खालून फिरवला. बोटांना तीन खळगे लागले. कुण्या शनिवारी, कुणाकडून तुम्ही तिथंही तिसरं टिंब मारून घेतलं होतं. बहुधा स्मशानातल्या माणसाकडून. तो शेजारीच उभा होता. पाणी पहिल्याच दाबाला आलं.

काल तेरवीहून परतल्यावर बाबा ट्रेडलसमोर बसून होते. त्यांच्या हातात तुमचं कार्ड होतं. "पाना दे," म्हणाले. आम्ही दोघांनी पाटीमागचे चार स्क्रू सैल केले. माझ्याकडे डिप्लोमा आहे, डिग्री आहे. बाबांकडे चाळीस वर्षांची छपाई आहे. आज सकाळपर्यंत आम्ही ते बसवत होतो. उजवी बाजू उठली तर वरची बुडाली, वरची उठली तर कागद फाटला. शेवटी बाबा म्हणाले, "त्या दिवशी तासभर मोर्चा थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

मी पाना खाली ठेवला. ज्याला हा दाब बसवता येत होता तो माणूस आम्ही दोघांनी मिळून बसनं परत पाठवला होता.

आता ट्रेडल पार बंद आहे. आणि कार्यशाळेत उरलेलं सामान, चांदूरची लेथ, लोखंड पकडायचे व्हाइस आणि लिंबाखालची ती ऐरण, भंगारात काढायचं ठरलं आहे. या रविवारी गाड्या लागणार. तेरवीच्या आधीच मी कॉलेजच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेले होते. साहेब सभ्य होते, त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "ताई, ही कार्यशाळा कुणाला हवी आहे ते दाखवा. विद्यार्थ्यांची मागणी तर उलटी होती." आणि फाईलमधून माझंच पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. उजवीकडून फिकं.

मी उठून आले. नवं पत्रक लिहायला बसले, आणि पहिल्यांदाच मला मथळा सुचला नाही. माझा शब्दांवरचा विश्वास उडाला आहे, सर. हे लिहिते आहे तेही कशाच्या आशेनं नाही. ऐरण वाचेल असं मला वाटत नाही. वाचली तरी तिच्याशेजारी उभं राहून 'झालं नाई अजून' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तुम्ही तुमचं काम हजारो हातांत वाटून ठेवलंत म्हणून लोक काल मांडवात सांगत होते. असेलही. पण ते हात एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यात माझा नाही.

म्हणून जे वाचत आहेत त्यांना एकच मागणं आहे. अमरावती-अकोल्याकडचे असाल तर आज घरातली जुनी शिलाई मशीन, पंप, मोटर, जे असेल ते उलटं करा. पोटाशी बोट फिरवा. तीन टिंबं लागली, तर तुमच्या घरात कुणीतरी एकदा ते यंत्र स्वतः उघडून जोडलं होतं. आई असेल, आजोबा असतील. त्यांना विचारा. आणि येत्या शनिवारी सकाळी ती वस्तू आणि ते माणूस, दोघांना घेऊन तंत्रनिकेतनाच्या मागच्या फाटकाशी, लिंबाखाली या. घोषणा नकोत, फलक नकोत. कार्यशाळा कुणाला हवी आहे ते दाखवा म्हणालेत, तर उभं राहून दाखवू. बाबा आणि मी ट्रेडल टेम्पोत घालून आणतो आहोत. ते बसवायला आम्हाला कुणीतरी शिकवायला हवं.

येताना पाना आणा.